भांडणाची परवानगी

“बाई, हा माणूस परत घ्या,” जिजाबाई म्हणाली आणि घडी घालून आणलेला जामिनाचा कागद तिनं माझ्या टेबलावर ठेवला. फाटकं निघालेलं लुगडं दुकानदाराला परत करावं, तसा तिचा थाट होता.

मी तेव्हा नाशिकला प्रोबेशन ऑफिसर होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. प्रोबेशन ऑफिसर म्हणजे काय, हे मला माझ्या सासूबाईंनाही शेवटपर्यंत नीट समजावता आलं नाही. त्यांच्या मते मी पोलिसात होते आणि लाजेपोटी ते लोकांपासून लपवत होते. खरं काम साधं होतं. चांगल्या वागणुकीच्या कैद्याला सरकार कधीकधी शिक्षा पूर्ण व्हायच्या आधी, काही अटींवर घरी सोडतं. तो घरी नीट रुळतोय का, काम करतोय का, परत जुन्या वाटेला जात नाही ना, हे बघायला एक माणूस लागतं. ते माणूस मी. त्यासाठी मला एक टेबल, एक छत्री ठेवायची खुंटी आणि एस.टी.चा प्रवासभत्ता मिळायचा. भत्ता उशिरा मिळायचा.

जिजाबाईचा नवरा काशिनाथ माझ्या अशाच केसपैकी एक. गाव कळवणच्या बाजूचं. नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट काढलेला आणि त्या पाटाचं पाणी शेतकऱ्यांनी बारीबारीनं घ्यायचं, अशी तिकडची जुनी पद्धत. बारी म्हणजे आपला नंबर. पाटकरी हाक मारतो, आपण आपल्या शेताकडं पाणी वळवून घ्यायचं. काही वर्षांपूर्वी अशाच एका बारीवरून काशिनाथचं आणि त्याच्या चुलतभावाचं, त्र्यंबकचं वाजलं. काशिनाथच्या हातात फावडं होतं. त्र्यंबकचा गुडघा कायमचा गेला आणि काशिनाथ जेलमध्ये गेला.

जेलमध्ये मात्र हा माणूस सोन्यासारखा वागला. म्हणून शेवटच्या काही काळासाठी त्याला अटींवर सोडलं. अटी अशा: महिन्यातून एकदा मला येऊन भेटायचं, दारूला शिवायचं नाही, न विचारता तालुका सोडायचा नाही आणि भांडणतंटा करायचा नाही. शिवाय घरच्या कुणीतरी जामीन राहायचं. जामिनानं अंग काढून घेतलं, की माणूस उरलेली शिक्षा भोगायला परत आत. हे जिजाबाईला पक्कं ठाऊक होतं. अंगठा घेताना मीच तिला ते वाचून दाखवलं होतं.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. दारू पितो का? नाही. पैसे उडवतो? नाही. मारतो?

“मारतो कशाचा,” ती म्हणाली. “मारलं असतं तर मी बी दोन ठेवून दिल्या असत्या. घरात काहीतरी झालं असतं. हितं कायच व्हत नाय.”

मग तिनं सगळं सांगितलं. काशिनाथ पहाटे उठायचा, वळकटी बांधायचा आणि तिच्यावर बसून राहायचा. कुणीतरी ‘चला’ म्हणेपर्यंत. पाणी प्यायच्या आधी विचारायचा, “पिऊ का?” शौचाला जाताना सांगून जायचा आणि आल्यावर आलो म्हणून सांगायचा. एकदा ती दार नुसतं ओढून घेऊन कळवणच्या बाजाराला गेली, तर हा दिवसभर आत बसून राहिला. दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं. पण दार कुणीतरी उघडायचं असतं, आपण नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. एके दिवशी ती भाजीत मीठ घालायला विसरली. त्यानं मुकाट खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम मूठभर मीठ घातलं. तीही खाल्ली, आणि ताट धुऊन पालथं घातलं.

“मी तुमाला भांडकुदळ माणूस दिला व्हता बाई,” ती म्हणाली. “तुमी ह्यो कोण पाठवला?”

मला हसू आवरेना. पण तिचं पुढचं बोलणं ऐकलं आणि हसू थांबलं. त्र्यंबक त्यांची बारी तोडत होता. पाणी जिजाबाईच्या गव्हाला लागलं, की अर्ध्यातच बांध फोडून ते आपल्या शेतात वळवायचा. भर दिवसा, काशिनाथ समोर उभा असताना. काशिनाथ फावडं खाली ठेवायचा आणि बघत राहायचा. गहू ओंबीवर आला होता. अजून एक बारी हुकली असती, तर दाणा भरला नसता आणि वर्षाचं खाणं गेलं असतं. तो नव्हता तेव्हा तिनं एकटीनं शेत राखलं होतं. आता नवरा घरी असून ते हातचं जात होतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. तिनं पदरानं ते खसाखसा पुसले.

आमच्या साहेबांचं टेबल माझ्यामागेच होतं. साहेब सज्जन गृहस्थ, पण केसच्या बाहेरचं जग त्यांना फारसं माहीत नव्हतं. जिजाबाईला बाहेर बाकावर बसवून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलेलंच होतं.

“नवरा भांडत नाही, ही तक्रार आहे?” ते म्हणाले.

मी म्हटलं, हो.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या महिन्यात पुण्याहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला यायचे होते आणि त्यांना दाखवायला एक यशस्वी केस हवी होती. काशिनाथ हीच ती केस. तक्रार नाही, दारू नाही, गैरहजेरी नाही. साहेबांनी मला सांगितलं की बायकोची समजूत घाला. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असंही ते म्हणाले आणि घरच्या आठवणीनं असेल, जरा उदास झाले.

मी जिजाबाईकडून पुढच्या बारीपर्यंतची मुदत मागून घेतली. तिनं ती दिली, पण कागद परत नेला नाही. “तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या,” म्हणाली. “मला परत यायला लागलं तर नुसती हात हलवत येईन.”

त्या आठवड्यात मी कळवणची एस.टी. धरली. पुढे गावापर्यंत कांद्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेले. काशिनाथ शेतात होता. मला बघताच उठला, टोपी सारखी केली, हात पाठीमागे बांधले आणि पाय जुळवून उभा राहिला. जेलमध्ये साहेब फेरीला आले की असंच उभं राहतात. मी म्हटलं, बसा. बसला. मी म्हटलं, अहो, शेत तुमचं आहे, मी पाहुणी आहे, तुम्ही मला बसा म्हणायचं. तर परत उठला आणि म्हणाला, “बसा.” मग मला बसावंच लागलं, ढेकळांवर.

मी सरळ मुद्द्यावर आले. बारी तोडतात तेव्हा बोलत का नाही? त्यानं अटींची यादी मला तोंडपाठ म्हणून दाखवली. भांडणतंटा करणार नाही, असं त्यानं लिहून दिलं होतं. मी समजावलं की सरकारला मारामारी नको आहे, धमक्या नकोत. आपल्या हक्काच्या पाण्यासाठी तोंड उघडायला सरकारची हरकत नाही. हात नाही उचलायचा, बाकी काय ते बोला. त्यानं टोपी काढली, परत घातली. मग म्हणाला, “लेखी मिळंल का?”

मी नोकरीत बऱ्याच गोष्टी लेखी दिल्या आहेत. पण ‘सदर इसमास भांडण करण्यास परवानगी देण्यात येत आहे’ असं सरकारी कागदावर लिहायची माझी छाती झाली नाही. मी नाही म्हटलं. तेव्हा तो खाली बघून हळूच बोलला.

“त्याचा पाय गेला बाई. माझ्या हातानं. पाणी न्हेतो तर न्हेऊ द्या.”

हे मात्र माझ्या कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं. मला वाटत होतं, माणूस सरकारला भितो आहे. तो त्र्यंबकचं देणं फेडत होता, आणि फेडायला त्याच्याकडे जिजाबाईचा गहू होता. मला त्याची दया आली आणि तितकाच रागही आला.

तिथून मी त्र्यंबककडे गेले. तो ओट्यावर पाय लांब करून दोरखंड वळत बसला होता. मी कोण ते सांगितलं. त्याला ते आधीच ठाऊक होतं. टेम्पो गावात शिरला तेव्हाच सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. मी विचारलं, त्यांची बारी का तोडता? मला वाटलं, नाकारील. त्यानं नाकारलं नाही.

“तोडतो,” तो म्हणाला. “आल्यापासून माझ्याकडं बघत बी नाय त्यो. समोरून गेलो तर मान खाली. पयल्यांदी तोडली, वाटलं आता तरी बोलंल. नाय बोलला. मग परत तोडली.”

“मग तुम्हीच का नाही बोलत?”

“मी का बोलू? पाय माझा गेला.”

एक देणं फेडायचं म्हणून गप्प, दुसरा पहिला बोलणार नाही म्हणून हट्टाला पेटलेला, आणि मधल्यामधे गहू वाळत होता. त्र्यंबकला पाणी नकोच होतं, भांडण हवं होतं. आणि ज्याच्याकडून हवं होतं, त्याला ते करायला बंदी होती, माझ्याच सहीनं. मी परत काशिनाथच्या शेतात गेले आणि म्हटलं, परवा बारी आहे, मी येणार आहे, त्र्यंबकनं पाणी तोडलं तर तुम्ही त्याच्याशी भांडायचं.

“हुकूम का?” त्यानं विचारलं.

मला परतीची एस.टी. गाठायची होती. मी वैतागून म्हटलं, “हो, हुकूम.”

त्याच्या चेहऱ्यावर एकदम शांती पसरली. हुकूम त्याला कळत होता.

ठरल्या दिवशी मी गेले, तर पाटावर निम्मं गाव जमलेलं. काशिनाथला भांडायचा सरकारी हुकूम आला आहे, ही बातमी जिजाबाईनंच पसरवली होती. बायका पोरं काखोटीला मारून आल्या होत्या. पाटकऱ्यानं हाक मारली, काशिनाथनं पाणी वळवून घेतलं. गव्हाचे पहिले वाफे भिजले. मग त्र्यंबक लंगडत आला, पब्लिककडे एकदा बघून घेतलं आणि बांध फोडला.

सगळे काशिनाथकडे बघायला लागले. काशिनाथनं फावडं खाली ठेवलं. टोपी सारखी केली. हात मागे बांधले, चार पावलं पुढे आला, पाय जुळवले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “त्र्यंबकराव, आमच्या बारीचं पाणी आपण तोडलं, ही आमची तक्रार हाय. तरी आपण मेहेरबानी करून चौकशी करावी, ही विनंती.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. जेलमध्ये साहेबांच्या फेरीला कैद्यानं तक्रार अशीच मांडायची असते. मी हुकूम दिला होता. त्याला हुकुमानं जे येत होतं, ते त्यानं केलं. मग एक पोरगी फिस्सकन हसली आणि सगळं गाव हसत सुटलं. त्र्यंबक तेवढा हसला नाही. त्याचं तोंड लालभडक झालं.

“मला अर्ज करतो?” तो ओरडला. “मी काय तुझा जेलर हे? आरं, तू नव्हता तवा तुझ्या बायकोची बारी मी कधी तोडली का, इचार तिला. एक थेंब घेतला का? शेजारच्यानी डोळा ठेवला तर ह्या मोडक्या पायावर मी हितं उभा ऱ्हायलोय. तू आला म्हणून तोडली. तू आला म्हणून.”

जिजाबाईनं तोंडावर पदर घेतला. बारी कुणी तोडली नव्हती, हे तिला माहीत होतं. राखत कोण होतं, ते आज कळत होतं.

काशिनाथचे हात मागेच होते. पण जुळवलेले पाय सुटले. मग तो जे बोलला, ते मी त्याला शिकवलं नव्हतं.

“मग येकदा बी भेटायला का नाय आलास?”

“कुठं?”

“जेलात. धा माणसं यायची धा जणांना भेटायला. मी दर खेपेला बघायचो.”

“माझा पाय मोडून वर मीच तुला भेटायला येऊ?”

“हां! यायचं व्हतं!”

इतकं अन्यायाचं वाक्य मी माझ्या सगळ्या नोकरीत ऐकलं नाही, आणि इतकं खरंही नाही. तिथून मग जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणतात. काशिनाथचे हात सुटले. एक हात कमरेवर गेला, दुसरा हवेत. मी जरा पुढे सरकले, पण फावडं जिजाबाईनं आधीच उचलून आपल्यामागे धरलं होतं. लहानपणी कुणाची शेळी कुणी विहिरीत ढकलली, हे निघालं. कुणाच्या लग्नात कुणाचा मानाचा फेटा राहिला, तेही निघालं. आजोबांनी वाटणीत आंब्याचं झाड कुणाला दिलं होतं, यावर तर दोघंही रडायला आले. त्र्यंबकनं पाय पुढे करून दाखवला. काशिनाथनं त्या पायाकडे, सुटून आल्यापासून पहिल्यांदा, नीट बघितलं. “लय दुखतो का?” असं त्यानं विचारलं, ओरडूनच. “थंडीत दुखतो!” असं त्र्यंबकनं ओरडूनच सांगितलं.

मध्येच जिजाबाई काहीतरी बोलायला गेली, तर काशिनाथ गर्रकन वळला. तू मध्ये पडू नको, म्हणाला, आणि मूठभर मीठ घातलं होतंस ते मला कळत नव्हतं असं समजू नको. बायकोला गप्प बसवणारे नवरे मला एरवी मुळीच आवडत नाहीत. पण जिजाबाईच्या चेहऱ्याकडे बघून मी माझं मत त्या दिवसापुरतं राखून ठेवलं.

ती माझ्या कानाशी आली. “ह्यो आमचाच हे बाई,” म्हणाली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. या वेळी तिनं ते पुसलं नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. हे सगळं चाललं असताना पाटाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. फुटक्या बांधातून पाणी त्र्यंबकच्या शेतात शिरलं, तिथून ओसंडून खालच्या अंगाला एका म्हातारीच्या कांद्यात गेलं. म्हातारी काठी टेकत वर आली. “चांगलं शे,” ती अहिराणी वळणानं म्हणाली, “उद्या बी भांडा.” तेव्हा दोघं भानावर आले. पाटकऱ्यानं डोकं धरलं. त्र्यंबकनं आपली पुढची बारी काशिनाथला द्यावी, असं तिथंच ठरलं. ती देताना त्यानं आणखी शिव्या घातल्या. काशिनाथनंही परत घातल्या. गहू वाचला.

साहेबांकडे बातमी माझ्या आधी पोचली. गावच्या कुणा उत्साही माणसानं चौकीत कळवलं होतं की सरकारी बाईंच्या समक्ष शांततेचा भंग झाला. साहेबांनी मला समोर उभं केलं.

“भांडण झालं?”

“झालं.”

“तुम्ही हजर होता?”

“पुढच्या रांगेत.”

“मग थांबवलं का नाही?”

मी सगळं सांगितलं, अर्जापासून आंब्याच्या झाडापर्यंत. साहेब ऐकत राहिले. आता पुण्याच्या साहेबांना काय दाखवायचं, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हीच केस दाखवू. रिपोर्टमध्ये मी लिहिलं की सदर इसम गावात पूर्णपणे मिसळला असून शेजाऱ्यांशी त्याचे संबंध पूर्ववत झाले आहेत. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. जिजाबाई मुदत संपेपर्यंत जामीन राहिली. काशिनाथ दर महिन्याला भेटायला यायचा. पुढेपुढे माझ्या ऑफिसचा पंखा चालत नाही म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा माझी उरलीसुरली काळजीही मिटली.

नंतर बरीच वर्षं मी ही नोकरी केली. सुटून आलेल्या माणसाबद्दल आमचे ठरलेले प्रश्न असत: राहायला घर आहे का, हाताला काम आहे का, व्यसन आहे का. काशिनाथच्या केसनंतर मी त्यांत माझ्या पदरचा एक प्रश्न घातला. गावात तुमच्याशी भांडणारं कुणी आहे का? नवे सहकारी माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघायचे. बहुतेक कैदी हसायचे आणि कुणातरी भावाचं, शेजाऱ्याचं, सासऱ्याचं नाव सांगायचे. त्यांची मला फारशी चिंता नसे. ज्यांना एकही नाव आठवायचं नाही, त्यांच्या गावी मी महिन्याची वाट न बघता जायचे.